बिनविरोध शाळा समितीची किंमत

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा जो गाजावाजा होतो, त्याचा शतांशही शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीच्या वाट्याला येत नाही. तिच्यासाठी भोंगे फिरत नाहीत, तिची तारीख वर्तमानपत्रांत छापली जात नाही, निकालानंतर गुलाल उधळला जात नाही. तरीही धाराशिव जिल्ह्यातील आठही तालुक्यांत, जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत, ही निवड दर दोन वर्षांनी व्हावयाची असते. पुष्कळ गावांत ती ‘बिनविरोध’ पार पडते आणि गावाच्या एकोप्याचे उदाहरण म्हणून तिचे कौतुकही होते. हे कौतुक कितपत सार्थ आहे, याचा विचार व्हावयास हवा. कारण या एकोप्याची किंमत समिती नेमणारे देत नाहीत. ती त्या शाळेत बसणारी मुले देतात.

ही समिती म्हणजे एखाद्या परिपत्रकाने निर्माण केलेली शोभेची वस्तू नव्हे. 1 एप्रिल 2010 रोजी अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमात तिची तरतूद आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात ही समिती बारा ते सोळा जणांची असते. म्हणजे नऊ ते बारा पालक तीत बसतात. अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे होत. ज्याचे मूल शाळेत आहे त्याने शाळेच्या कारभारात बसावे, एवढा सरळ विचार या रचनेमागे आहे.

हा विचार या जिल्ह्याला परका नाही. निजामी राजवटीत वरच्या इयत्तांचे माध्यम उर्दू होते आणि शाळा कोठे निघावी, कोणती निघावी, हे ठरविणे रयतेच्या हाती नव्हते. अशा काळात, 1921 मध्ये, आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ या शाळेचे मुख्याध्यापक होते. तेथून ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. राज्यसत्तेचा आधार नसताना लोकांनी आपल्या हिंमतीवर शाळा चालविण्याची ही परंपरा आहे. शेजारच्या मुंबई इलाख्यात 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक स्वराज्य संस्थांकडे गेल्या आणि ‘स्कूल बोर्ड’ हा शब्द तेथील लोकांच्या तोंडी रुळला. मराठवाड्यात तो अनुभव आला नाही. येथील प्राथमिक शाळा लोकनियुक्त संस्थेच्या हाती आल्या त्या 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर.

या बदलाने शाळा खेडोपाडी पोहोचल्या, हे निर्विवाद. परंतु शिक्षण समितीचे सभासद जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात आणि शाळा वस्तीवर असते. या दोहोंमधील अंतर केवळ मैलांचे नव्हते. कोठारी आयोगाने 1966 मध्ये जिल्हा शाळा मंडळाची कल्पना मांडली. तीतही केंद्र जिल्ह्याचेच होते. पालकाला पालक म्हणून कायद्याने जागा मिळाली ती 2010 नंतर. 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासकाचा कारभार सुरू झाला आणि निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. त्या घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 6 मे 2025 रोजी आदेश द्यावा लागला. जिल्ह्याच्या शिक्षण समितीत लोकांनी निवडलेला एकही सभासद नसलेल्या त्या काळात, शाळेसंबंधी बोलण्याचा अधिकार असलेले पालकांचे एकमेव व्यासपीठ म्हणजे ही समिती होती. तिचे मोल तेव्हा किती जणांच्या लक्षात आले?

बिनविरोध निवडीच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य नाही असे नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीने गावात दोन तट पडतात. ते वैर शाळेच्या अंगणात शिरू नये, ही मुख्याध्यापकांची चिंता रास्त आहे. समितीची निवड चुरशीची झाली की हरलेला गट पुढील दोन वर्षे शाळेच्या कामात खोड्या काढतो, असाही अनुभव सांगितला जातो. परंतु वैर टाळण्यासाठी जो मार्ग पत्करला जातो तो बहुधा असा असतो: सभेच्या आदल्या दिवशी गावातील चारदोन वजनदार माणसे बसून नावे ठरवितात, सभेत ती वाचून दाखविली जातात आणि उपस्थितांच्या सह्या घेतल्या जातात. यात भांडण नसते, हे खरे; पण निवडही नसते. न झालेल्या चर्चेला एकमत म्हणता येत नाही.

या रीतीत कोण वगळला जातो, ते पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी मजुरांची बिऱ्हाडे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवराबायको, म्हणजे एक ‘कोयता’, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाऊन फडावर राहतात आणि पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. मुले बरोबर गेली की शाळा सुटते. ती गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आणि गावपातळीवर तिची अंमलबजावणी शाळा व्यवस्थापन समितीकडेच सोपविलेली असते. कोणत्या घरची मुले मागे राहणार, त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय कोण पाहणार, जेवणाचा दर्जा कसा आहे, हे प्रश्न तिच्यापुढे येतात.

समितीत ऊसतोड कुटुंबातील कोणीच नसेल, तर या प्रश्नांची निकड बैठकीत कोण मांडणार? यादी करण्यास महिनाभर उशीर झाला, तर तेवढ्यात गाड्या गेलेल्या असतात आणि मुलेही गेलेली असतात. आणि अशा कुटुंबातील पालक निवडला गेला, तरी दरवर्षी चार-पाच महिन्यांच्या बैठकांना तो हजर राहू शकत नाही. त्याची मुले ज्या आजी-आजोबांपाशी राहतात त्यांना समितीत घेता येणार नाही का? कायद्याने ‘आई-वडील किंवा पालक’ असे म्हटले आहे. प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्यांना त्या शब्दांच्या कक्षेत स्थान देण्याचा विचार शिक्षण खात्याने अवश्य करावा.

स्त्रियांच्या निम्म्या जागांची कथा याहून निराळी नाही. नाव आईचे, खुर्चीवर वडील, आणि इतिवृत्तावर घरी पाठवून घेतलेली सही, हा प्रकार शिक्षकांच्या परिचयाचा आहे. इंग्लंडमध्ये 1870 च्या शिक्षण कायद्याने शाळा मंडळे निघाली, तेव्हा स्त्रियांना पार्लमेंटसाठी मत देता येत नव्हते. पण शाळा मंडळासाठी त्या उभ्या राहू शकत होत्या. त्याच वर्षी एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस लंडनच्या मंडळावर निवडून आल्या. सार्वजनिक कारभाराचे दार स्त्रियांसाठी प्रथम शाळेच्या बाजूने उघडले. आपल्याकडे ते दार कायद्याने उघडले आहे. उंबरठ्यावर मात्र नवरा उभा आहे.

केवळ अधिकार वाढविल्याने समित्या जिवंत होतात, असेही नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात 1988 च्या कायद्याने प्रत्येक शाळेला निवडून आलेली परिषद मिळाली. तीत सहा पालक असत, आणि मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारही तिला होता. 1989 च्या पहिल्या निवडणुकीत लोकांचा उत्साह मोठा होता. पुढे मतदान घटत गेले आणि कित्येक जागांसाठी उमेदवारही मिळेनासे झाले. आपल्या समितीला शिक्षक नेमण्याचा वा बदलण्याचा अधिकार नाही. तेव्हा येथील उदासीनतेचे नवल वाटण्याचे कारण नाही. पालक सभेला येतो तो आपल्या बोलण्याने काही घडते असे दिसले तरच.

म्हणून सुधारणेचा आरंभ लहान गोष्टींपासून व्हावयास हवा. सभेची वेळ रोजगार बुडणार नाही अशी, संध्याकाळची असावी. आणि तिची सूचना तांड्यावर व वस्तीवर माणूस पाठवून दिली जावी. नावे पुकारण्यापूर्वी शाळेची स्थिती सांगितली जावी: पट किती, गळती किती, कोणते अनुदान आले, त्याचे काय झाले. एका जागेसाठी दोन इच्छुक असतील, तर चिठ्ठीने मत घ्यावे. त्याला एक वही आणि एक डबा पुरतो. ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची त्याच्यादेखत हात वर करून विरोध करणे मजुराला शक्य नसते. चिठ्ठीवर ते शक्य होते. आणि पंधरा-वीस पटाच्या वस्तीशाळेत, जेथे जवळजवळ प्रत्येक घर समितीत येणारच, तेथे माणसे निवडण्यापेक्षा कामे वाटून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

यासाठी मुख्याध्यापकाला थोडे धैर्य लागेल. आज्ञाधारक समिती त्याच्या सोयीची असते. प्रश्न विचारणारी समिती त्रासाची असते. परंतु खोलीचे छप्पर गळू लागले किंवा शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात मुख्याध्यापकाबरोबर उभी राहणारी हीच दुसऱ्या प्रकारची समिती असते. नावापुरती नेमलेली माणसे अडचणीच्या वेळी नावापुरतीच उरतात.

हिप्परग्याच्या काळात शाळेसाठी राज्यसत्तेचा रोष पत्करावा लागत असे. आज गावच्या वजनदार माणसाची थोडी नाराजी तेवढी पत्करावयाची आहे. शाळेत मूल असलेल्या प्रत्येक आईबापाला एकदा तरी मोकळेपणाने मत देता आले, तर समितीच्या दोन वर्षांचा आरंभ चांगला झाला असे म्हणता येईल. मग ती निवड बिनविरोध झाली नाही, तरी गावाने वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.