कुळगाव, पण कुठून मोजलेलं?

पाकिटावर पत्ता लिहिताना आपण घर, गल्ली, कुळगाव, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. संगणक उलटा चालतो: '/ठाणे/अंबरनाथ/कुळगाव'. हा झाला फाइलचा पाथ. प्रोग्राममध्ये असे तुकडे जोडावे लागतात, तेव्हा नवशिका अधिक चिन्ह टाकून मोकळा होतो आणि 'अंबरनाथकुळगाव' नावाचं, कुठल्याच नकाशात नसलेलं गाव वसवतो. (कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नावातही मध्ये रेघ आहे!) पायथॉनचं 'जॉइन' मधला '/', म्हणजे स्लॅश, आपणहून घालतं. पण स्लॅश घालणं हे त्यातलं सगळ्यात किरकोळ काम. दुसरा तुकडा चुकून '/कुळगाव' असा आला, तर जॉइन आधीचं '/ठाणे/अंबरनाथ' सरळ टाकून देतं आणि हाती नुसतं '/कुळगाव' ठेवतं. ना एरर, ना इशारा. नोड.जेएसमधलं जॉइन मात्र त्याच तुकड्यांतून पूर्ण '/ठाणे/अंबरनाथ/कुळगाव' देतं. पायथॉनची ही खोड अनेकांना खटकते. मला ती रास्त वाटते. सुरुवातीचा स्लॅश म्हणजे 'मुळापासून मोजा'. कुणी 'बदलापूर स्टेशनपासून दुसरी गल्ली' म्हणालं, तर आपण उभे आहोत तिथून गल्ल्या मोजत नाही.

यावर कुणी म्हणेल, आता विंडोजलाही सरळ स्लॅश बहुतेक ठिकाणी चालतो, मग हाताने '/' लिहिला तर बिघडलं कुठे? विंडोजचा उलटा स्लॅश ही जुनी अडचण आहे खरी. १९८३ साली एमएस-डॉस २.० मध्ये फोल्डर आले, तेव्हा सरळ स्लॅश आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होता. पण चिन्ह एकच झालं, तरी तुकडा कुठून मोजायचा हा प्रश्न उरतोच. शिवाय बाहेरून आलेल्या फाइलनावात '..' असेल तर पायथॉनचं जॉइन ते तसंच ठेवतं, आणि फाइल उघडताना वाट वरच्या फोल्डरात निसटते. म्हणून जोडल्यावर पाथ 'रिझॉल्व्ह' करून, म्हणजे '..' सोडवून, तो ठरल्या फोल्डरातच आहे ना, हे पाहावं लागतं. तिथेही पुष्कळजण पाथची सुरुवात '/ठाणे/अंबरनाथ' अशी आहे का, एवढंच बघतात. '/ठाणे/अंबरनाथ-जुने' ही परीक्षा आरामात पास होतं. पाथ म्हणजे नुसता मजकूर समजण्याची तीच चूक. पायथॉन ३.९ पासून हीच तपासणी तुकड्यांनुसार करणारं 'इज_रिलेटिव्ह_टू' आहे. रिझॉल्व्ह केल्यावर ते वापरा.