पुतळे गेले, नावं राहिली!

वीकएण्डला कॅमेरा घेऊन निघालेल्यांचा मुंबईतला हमखास स्पॉट म्हणजे काळा घोडा. गंमत बघा, ज्या पुतळ्यामुळे हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये इथून हलला आणि राणीच्या बागेत गेला. नाव मात्र जागचं हललं नाही! २०१७ मध्ये नवा घोडा आला, तोही बिनस्वाराचा.

हाच किस्सा दोन हजार वर्षं जुना बघायचाय? मग कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडा. शहापूर-मुरबाड म्हटलं की आपल्याला फार्महाऊस आणि धबधबेच आठवतात. पण मुरबाडच्या पुढे, वैशाखरे गाव ओलांडलं की नाणेघाटाची पायवाट लागते. दोन-अडीच तासांची दमछाक, आणि माथ्याच्या अलीकडे कातळात कोरलेलं लेणं. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल याच वाटेनं जुन्नरकडे जायचा. म्हणजे पुतळे उभारायला जागा कसली, तर भर हायवेवरची!

लेण्याच्या मागच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या. आज त्या जवळपास नाहीतच. कुठे पावलांचे अवशेष दिसतात, इतकंच. पण वर ब्राह्मी लिपीत नावं आहेत: सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी. बाजूच्या भिंतींवर यज्ञांची आणि दानाची लांबलचक यादी. त्यातले गायी, घोडे, हत्ती, नाणी यांचे आकडे म्हणजे भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक.

आता फोटोचं. समोरून फ्लॅश मारलात तर अक्षरं गायब! मित्राच्या हातात टॉर्च द्या आणि प्रकाश बाजूनं, भिंतीला जवळजवळ घासून पडू द्या. खाचांत सावली भरते आणि अक्षरं उठून दिसतात. आधी अख्खी भिंत टिपा, मग एकेक ओळ. अक्षरं ठळक दिसावीत म्हणून खडू किंवा पाणी मात्र अजिबात लावायचं नाही.

कर्नल साईक्स १८२८ मध्ये इथे आले, तेव्हापासून या लेखाच्या नोंदी होतायत. दगड झिजतोच, त्यात 'अमुक लव्ह तमुक' कोरणारे महाभागही येतात. म्हणून फोटोवर तारीख हवी. पुढच्या वर्षी तीच ओळ पुन्हा टिपा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

माथ्यावरच्या दगडी रांजणापाशी ग्रुप फोटो काढाच. हिवाळ्यात जा, पाणी भरपूर घ्या, आणि उजेड असेपर्यंत खाली उतरा.