परदेशातील ‘अमर्याद’ डेटा : किती अमर्याद?



चाकणच्या औद्योगिक वसाहतीत २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझचाही. असे कारखाने आल्यापासून खेड-मावळाकडच्या एखाद्या घरातला मुलगा किंवा सून प्रशिक्षणासाठी जर्मनीला निघाली, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. निघण्यापूर्वी ‘परदेशासाठी अनलिमिटेड डेटा’ असा पॅक घेतला जातो आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. हा शब्द कितपत खरा, ते आपण पाहू.

कालव्याची पाळी आठवा. चारीचे दार पूर्ण उघडले, की वाफे भराभर भरतात. पुढे कोणी दार खाली आणून बोटभर फट ठेवली, तर ‘पाणी चालू आहे’ हे म्हणणे खोटे ठरत नाही. पण त्या पाण्यावर ऊस भिजत नाही. पुष्कळ पॅकांत हेच होते. रोजचा ठरलेला डेटा पूर्ण वेगाने मिळतो. तो संपला, की बंद होत नाही, मंदावतो.

किती मंदावतो? शिक्षकांनी हे गणित फळ्यावर अवश्य मांडावे. समजा, वेग सेकंदाला ६४ किलोबिट झाला. ८ बिट म्हणजे १ बाइट. तेव्हा सेकंदाला ८ किलोबाइट. १ एमबी म्हणजे १०२४ किलोबाइट, त्यास १२८ सेकंद लागतात. ५ एमबीचा एक फोटो गावी धाडायचा, तर जवळजवळ अकरा मिनिटे! दिवसाचे ८६,४०० सेकंद फोन अखंड राबवला, तरी पदरात पडणार ६७५ एमबी, म्हणजे १ जीबीसुद्धा नाही. वेगाला बांध घातला, की प्रमाणालाही तो आपोआप पडतो. अमर्यादाची मर्यादा ती हीच.

कंपनी असे का करते? परदेशातले मनोरे दुसऱ्या कंपनीचे असतात आणि त्यांच्या वापरापोटी आपल्या कंपनीला तिचे पैसे चुकते करावे लागतात. शिवाय एका मनोऱ्याची क्षमता अनेकांत वाटायची असते. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून तेथील सिमला संघातल्या दुसऱ्या देशात घरच्याच दराने वापर दिला. पण त्यातही ‘रास्त वापरा’ची मर्यादा ठेवलीच. भारतीय सिमला तर तो नियम लागू नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा : पूर्ण वेगाने रोज किती जीबी? त्यानंतर वेग किती, की दर एमबीला आकार? ‘एक दिवस’ म्हणजे चोवीस तास, की मध्यरात्रीपर्यंत, आणि कोणत्या देशाच्या घड्याळाने? कोणकोणते देश त्यात येतात? स्वित्झर्लंड जर्मनीला लागून असले, तरी युरोपीय संघात नाही. यादीत त्याचे नाव आहे का, ते पाहावे. फोनवरून लॅपटॉपला डेटा देता येतो का?

मुक्काम महिन्यांचा असेल, तर तिथलेच सिम घेण्याचाही विचार करावा. मात्र बँकेचे ओटीपी ज्या भारतीय क्रमांकावर येतात, तो चालू ठेवावा. नकाशे घरूनच उतरवून घ्यावेत. घरी समोरासमोर पाहून बोलायचे, ते मुक्कामाच्या वायफायवर बोलावे.

जाहिरातीतला शब्द मोठ्या अक्षरांत असतो, अटी बारीक अक्षरांत. आपली मुले शिकलेली आहेत. ती बारीक अक्षरे त्यांनी वाचावीत आणि आईवडिलांनाही वाचून दाखवावीत. म्हणजे एखाद्या रात्री फोन लागला नाही, तर इकडे कोणाचा जीव टांगणीला लागणार नाही.