वेताळाची सहधर्मचारिणी

घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याकडे परवा इंद्रजाल कॉमिक्सचा, टाचण्यांना गंज चढलेला जीर्ण अंक गवसला. १९६४ साली मुंबईहून सुरू झालेल्या या मालिकेतला वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम.

१९३६ च्या पहिल्याच कथेत भेटलेल्या डायनाशी त्याचा विवाह झाला तो थेट १९७७ साली. परंतु संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी ही मानिनी वेताळाच्या कवटीच्या गुहेत केवळ शोभेपुरती राहिली नाही, आणि १९७९ मध्ये जुळी मुले झाल्यावरही तो संसार फॉकने मोडला नाही.

याउलट स्पायडरमॅन आणि मेरी जेन यांचे १९८७ चे लग्न, मे काकूंचे प्राण वाचवण्याच्या मिषाने सैतानाशी सौदा घडवून, मार्व्हलने २००७ साली दप्तरातून रद्दबातल केले. ही निव्वळ मनमानी, असे माझे स्पष्ट मत!