मोजमाप मनाचं, भाग ७ : तुम्ही विचारलं की तू विचारलं?

मागच्या आठवड्यात नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली पाहिली. झोप, भूक, थकवा हे तिचे विषय सगळ्यांच्या ओळखीचे. आजच्या प्रश्नावलीचा विषय बहुतेक घरांत उच्चारलाही जात नाही. जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारा लिंगभाव यांचा मेळ बसत नाही, आणि त्या न बसण्याचा त्रास होतो. या त्रासाला जेंडर डिस्फोरिया म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुनं ‘विकार’ हे नाव सोडून हे नाव घेतलं. निदान त्रासाचं करायचं, माणसाच्या ओळखीचं नाही, ही त्यामागची भूमिका होती.

हा त्रास मोजायला रक्ताची तपासणी नाही. माणूस स्वतः सांगेल तेच मोजमाप. म्हणून विचारायचं कसं, याला इथे फार महत्त्व आहे.

उरण तालुक्यात घारापुरी येते. या विषयावर लिहायचं म्हटलं की तिथल्या अर्धनारीश्वराचा दाखला हमखास दिला जातो. शिल्प भव्य आहेच, पण मला तो दाखला इथे उपयोगाचा वाटत नाही. आपल्याला विचार करायचा आहे तो करंज्यातल्या किंवा मोऱ्यातल्या एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा. हातात कागद आहे आणि शेजारी आई बसली आहे.

या क्षेत्रात दोन प्रश्नावल्यांचं नाव सतत येतं. पहिली नेदरलँड्समधली उट्रेख्ट मापनी. कोहेन-केटेनिस आणि व्हॅन गूझेन यांनी १९९७ साली ती वापरली. तिच्यात बारा विधानं आहेत, प्रत्येकाशी आपण किती सहमत आहोत ते पाच पायऱ्यांवर सांगायचं, आणि जन्मनोंदीप्रमाणे मुलग्यांसाठी एक आवृत्ती, मुलींसाठी दुसरी. दुसरी प्रश्नावली डिओग्रेशियस, झुकर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केली. तिच्यात गेल्या बारा महिन्यांबद्दलचे सत्तावीस प्रश्न आहेत आणि उत्तरं ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत. तेरा प्रश्न मनातल्या भावनेबद्दल, नऊ समाजातल्या वावराबद्दल, तीन शरीराबद्दल, दोन कायदेशीर कागदपत्रांसारख्या गोष्टींबद्दल. या प्रश्नावलीत सरासरी जितकी कमी, तितका त्रास जास्त. उट्रेख्ट मापनीत नेमकं उलट. दोन्हींचे आकडे एकाच फायलीत ठेवणाऱ्या डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

सत्तावीस प्रश्नांच्या प्रश्नावलीचे गुण कागदावर दिपवणारे आहेत. सगळे प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात का, हे सांगणारा क्रॉनबॅक अल्फा ०.९७ आला. त्याची कमाल मर्यादा १. प्रश्न वाढले की अल्फा आपोआप वाढतो, आणि तो इतका वर गेला की काही प्रश्न एकमेकांची पुनरुक्ती करत असल्याचीही शक्यता असते. तेव्हा या आकड्याने लगेच भारावून जाऊ नये. सरासरी तीनची सीमारेषा धरली तेव्हा क्लिनिकमध्ये आलेल्यांपैकी ९०.४ टक्के बरोबर ओळखले गेले, आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपैकी ९९.७ टक्के बरोबर बाजूला राहिले.

आता टक्के बाजूला ठेवून माणसं मोजू. क्लिनिकमधली माणसं होती ७३, म्हणजे ६६ ओळखली गेली, ७ निसटली. विद्यार्थी होते ३८९, म्हणजे चुकून ओलांडलेला एकच. ९९.७ हा सगळा डोलारा एका विद्यार्थ्यावर उभा आहे. एकाऐवजी तीन चुकले असते तर आकडा ९९.२ झाला असता. शिवाय हे दोन गट मुळातच दोन टोकांचे. एकीकडे मदत मागायला क्लिनिकपर्यंत पोहोचलेली माणसं, दुसरीकडे वर्गात बसलेले विद्यार्थी. ज्याला अजून स्वतःलाच नीट उमगलेलं नाही असा मधला माणूस या अभ्यासात जवळजवळ नाही. आणि उरणच्या दवाखान्यात येणार तो बहुधा तोच.

समजा ही प्रश्नावली सरसकट सगळ्यांना भरायला दिली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद ४०,८९१ जणांची झाली, म्हणजे लाखात सुमारे ३६. ही नोंद बहुधा घरातल्या कोणी तरी सांगितलेली, शिवाय ती डिस्फोरियाची मोजणीही नव्हे. तरी हिशेबापुरती घेऊ. लाखातल्या ३६ पैकी प्रश्नावली ३२-३३ जण ओळखेल. उरलेल्या ९९,९६४ लोकांपैकी ०.३ टक्के, म्हणजे तीनशे जण चुकून सीमारेषा ओलांडतील. ‘आहे’ असं निघालेल्या दहांत बरोबर फक्त एक. खरी संख्या दहापट धरली तरी जेमतेम निम्मे बरोबर येतील. शाळा-कॉलेजांत सरसकट चाचणी घ्यावी असं कुणी सुचवलं, तर हा हिशेब त्यांच्यासमोर ठेवावा. जो स्वतःहून बोलायला आला आहे त्याच्याशी संवाद सुरू करायला हीच प्रश्नावली चांगली आहे, आणि ती तेवढ्यासाठीच वापरावी असं माझं ठाम मत आहे.

मराठीत येताना खरी अडचण सुरू होते. इंग्रजीत पहिल्या पुरुषातलं विधान करताना क्रियापदाला लिंग नसतं. मराठीत ‘मी वागतो’ किंवा ‘मी वागते’ यांतलं एक निवडावंच लागतं. उट्रेख्ट मापनी बनली आहे ती पहिल्या पुरुषातल्या विधानांनी. मुलींच्या आवृत्तीत ‘वागते’ छापलं, की ज्याला आयुष्यभर ‘वागतो’ म्हणावंसं वाटलं त्याच्या तोंडी आपण पहिल्याच ओळीत नको ते रूप घातलं. तो विधानाला सहमती दाखवील की त्या क्रियापदाला विरोध करील? उत्तर एकच येईल, अर्थ दोन असतील. ही भाषांतरातली किरकोळ चूक नाही. यामुळे मोजमापच बदलतं.

सुटका आहे. ‘मला वाटतं’, ‘मला नकोसं होतं’ अशा रचनेत बोलणाऱ्याचं लिंग येत नाही. प्रश्नांत ‘तुम्ही’ही तसाच: ‘तुम्ही वावरलात का’ हे कुणालाही विचारता येतं. पण उरणमध्ये एकोणीस वर्षांच्या पोराला डॉक्टर ‘तुम्ही’ थोडंच म्हणतात! ते मायेने ‘तू’ म्हणतात, आणि ‘तू’ म्हटलं की ‘वावरलास’ की ‘वावरलीस’ हे ठरवावं लागतं. प्रश्न तोंडी वाचून दाखवायचे असतील तर डॉक्टरांनी तेवढ्यापुरता ‘तुम्ही’ धरावा. आणि ज्या घरात आगरी किंवा कोळी बोली चालते, तिथे ‘लिंगभाव’ हा पुस्तकी शब्द छापून उपयोग नाही. ‘बाईमाणूस म्हणून’, ‘बाप्यामाणूस म्हणून’ असं साधं लिहिलेलं बरं.

कायदेशीर कागदपत्रांबद्दलचे ते दोन प्रश्नही इथे तपासून पाहायला हवेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात लिंगाची ओळख मान्य होण्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली आणि शारीरिक कसोटीपेक्षा माणसाच्या मनाला प्राधान्य दिलं. २०१९च्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळण्याची तरतूद आली. उरणच्या माणसासाठी ते कार्यालय अलिबागला, म्हणजे पेणवरून रस्त्याने, नाही तर करंज्याहून लाँचने रेवस आणि पुढे एसटी. प्रत्यक्ष जायचं झालं तर घरी न सांगता हा प्रवास करणं सोपं नाही. मग ‘कागदपत्रं बदलण्याचा प्रयत्न केलात का’ या प्रश्नाला ‘कधीच नाही’ असं उत्तर आलं, तर ते त्रास कमी असल्याचं लक्षण की वाट अवघड असल्याचं? प्रश्नावली दोन्हींना सारखेच गुण देते.

त्या कायद्याच्या नियमांचा एप्रिल २०२०चा मसुदा आला तेव्हा त्यात मानसशास्त्रज्ञाच्या अहवालाची अट होती. पारलिंगी समाजातून तीव्र विरोध झाला आणि सप्टेंबरच्या अंतिम नियमांत ती राहिली नाही. मोजमापाच्या दृष्टीनेही हे योग्यच झालं. ज्या प्रश्नावलीवर ओळखपत्र किंवा उपचार अडलेले असतात, तिची ‘बरोबर’ उत्तरं लोक एकमेकांना सांगून ठेवतात. त्यात त्यांचा दोष नाही. दार उघडायचं असेल तर माणूस तसंच करील. मात्र त्यानंतर येणारे गुण त्रासाचे राहत नाहीत.

उपचारांनी फरक पडला का, हे पाहतानाही जपावं लागतं. उट्रेख्टच्या दोन आवृत्त्यांतली विधानं सारखी नाहीत. उपचाराआधी एक आणि नंतर दुसरी आवृत्ती दिली, तर गुण उतरले ते त्रास कमी झाला म्हणून की प्रश्न बदलले म्हणून, हे सांगता येत नाही. २०२० साली याच मापनीची अठरा विधानांची नवी आवृत्ती आली. ती सगळ्यांना एकच आहे आणि स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणाऱ्यांनाही भरता येते. मराठीत काम सुरू करायचं असेल तर मी ती घेईन. एकाने मराठीत आणावी, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत इंग्रजीत न्यावी, मग उरण-पनवेलच्या मराठी बोलणाऱ्या पारलिंगी व्यक्तींसोबत बसून प्रत्येक विधान मोठ्याने वाचावं. जिथे वाचणारा अडखळेल ते विधान पुन्हा लिहावं. त्यानंतर पुरेशा लोकांकडून ती एकांतात भरून घ्यावी, काही आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यावी, आणि सीमारेषा काढायचीच असेल तर ती या उत्तरांवरून काढावी.

पुढच्या भागात : चिंतेच्या प्रश्नावल्या, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या भरून घेतल्या तर काय होतं.