नाव मातीचे, जात प्लास्टिकची : नाताळच्या शोभेच्या वस्तू घरी करताना



डिसेंबर म्हणजे आपल्याकडे गळीत हंगामाचा ऐन भर. तोडणीचा क्रम, वाहनाची वाट आणि वजनाची पावती यातून कोणाला मान वर करायला सवड नसते. तरीही याच महिन्याच्या २५ तारखेला आपल्यापैकी कित्येक सभासदांच्या घरी नाताळ असतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कर्मभूमीही हीच. तेव्हापासून इथल्या गावोगावी ख्रिस्ती कुटुंबे शेती करीत आहेत आणि त्यांच्या दारी नाताळची चांदणी लागते.

अलीकडे तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानांत ‘पॉलिमर क्ले’ नावाची रंगीत पाकिटे मिळू लागली आहेत. तिच्यापासून चांदण्या, घंटा, देवदूत करून नाताळच्या झाडाला टांगतात. गट कार्यालयात उसाच्या नोंदीसाठी येणाऱ्या भगिनी याबद्दल आम्हाला विचारतात. चुलीवर भाजली तर चालेल का? पोरांच्या हाती द्यावी का? बचत गटाने कर्ज काढून धंदा करावा का? ऊस विकास विभागाचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न घरातल्या धुराचा आणि गाठीच्या पैशाचा आहे, म्हणून चार गोष्टी नीट सांगाव्यात असे आम्हास वाटते.

ही माती म्हणजे काय?

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की ही माती नव्हेच. आपल्या विहिरीवरून शेतात जी पी.व्ही.सी. पाइपलाइन येते, तेच हे द्रव्य. फरक एवढाच की इथे पी.व्ही.सी.ची अगदी बारीक पूड असते आणि ती तेलासारख्या एका मऊ करणाऱ्या द्रवात कालवलेली असते. सोबत रंग आणि भर घालायची पांढरी भुकटी. कडक पाइपात हे तेल जवळजवळ नसते, लवचीक नळीत असते. म्हणून पाइप वाकत नाही आणि नळी गुंडाळता येते.

भाजल्यावर काय होते, हे साबुदाण्यावरून समजेल. भिजवलेला साबुदाणा मोकळा असतो. आच लागली की दाणे आणखी फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा काही केल्या सुटे होत नाहीत. इथेही उष्णतेने पुडीचा एकेक कण ते तेल पिऊन फुगतो, शेजारच्या कणाशी एकजीव होतो आणि थंड झाल्यावर एकसंध प्लास्टिक तयार होते. कुंभाराची माती पाणी उडून वाळते. ही माती मात्र वाळत नाही. झाकून ठेवली तर महिनोन्‌महिने मऊ राहते आणि आचेशिवाय कडक होत नाही.

आली कुठून?

जर्मनीत कॅथे क्रूझे नावाच्या बाई बाहुल्या करण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या मालाची टंचाई पडली, तेव्हा बाहुल्यांसाठी अशा द्रव्याचा प्रयत्न झाला. बाहुलीला ते जमले नाही. पण त्यांची मुलगी सोफी हिने, घरचे नाव फिफी, त्यातून रंगीत हस्तकलेची माती तयार केली. १९६४ साली तिने तो हक्क एबरहार्ड फाबर या पेन्सिलींच्या कंपनीला विकला. पुढे ती ‘फिमो’ या नावाने जगभर गेली. अमेरिकेतल्या ‘स्कल्पी’ मातीची हकीकत याहून गमतीची आहे. मुळात ते द्रव्य विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील उष्णता बाहेर काढण्यासाठी बनवले होते. त्या कामी ते चालले नाही, पण हाताने छान घडते हे लक्षात आले आणि १९६० च्या दशकात ते हस्तकलेच्या बाजारात आले. म्हणजे मुळापासून हा कारखान्यातला माल आहे.

सगळे मर्म आचेत

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे पटकन कळेल. काहिल उतरवायची ती साधारण ११८ ते १२० अंश सेल्सिअसला. अलीकडे उतरवली तर गूळ बसत नाही, पलीकडे गेली तर करपतो. पॉलिमर क्लेची आचही जवळपास तेवढीच. काही कंपन्या ११० अंशांवर ३० मिनिटे सांगतात. काही १३० अंशांच्या आसपास, दर ६ मिलिमीटर जाडीला १५ ते ३० मिनिटे सांगतात. पाकिटावर छापलेले आकडे तेवढे खरे धरावेत, ऐकीव धरू नयेत.

गुळव्याला पाण्यात गोळी टाकून अंदाज घेता येतो. इथे तशी सोय नाही. गरम असताना वस्तू मऊच लागते, ती थंड झाल्यावर कडक होते. मऊ लागली म्हणून आच वाढवली की माल जळालाच म्हणून समजा. कमी भाजली तर कण पुरते जुळत नाहीत आणि वस्तू बिस्किटासारखी तुटते. खूण सांगतो. प्रत्येक वेळी एक पातळ पट्टी सोबत भाजावी. थंड झाल्यावर ती थोडी वाकली तर भाजणी ठीक. कट्‌कन मोडली तर पुन्हा तेवढ्याच आचेवर ठेवावी. दोनदा भाजल्याने बिघडत नाही, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी माल वाया जात नाही. वीज आल्यावर पुन्हा सुरुवात करावी.

आच फार वाढली तर मात्र नुकसान वस्तूपुरते राहत नाही. पी.व्ही.सी. करपले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू निघतो. ठिबकच्या नळ्या साफ करायला आपण जे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतो, त्याचीच ही वाफ. डोळे झोंबतात, घसा जळतो. म्हणून चूल, शेगडी, तवा, बेकरीची भट्टी यांवर ही माती कधीही भाजू नये. तिथली आच आपल्या हाती नसते. मायक्रोवेव्हही उपयोगाचा नाही. विजेचा छोटा ओव्हन घ्यावा आणि त्याच्या आत ठेवायचा वेगळा तापमापक घ्यावा, कारण ओव्हनच्या बटणावरचा आकडा पुष्कळदा दहावीस अंशांनी फसवतो. खिडकी उघडी असावी. धूर दिसला तर ओव्हन बंद करून माणसांनी बाहेर यावे. दार उघडून आत डोकावू नये.

करण्याची रीत

नमुना म्हणून लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी घेऊ. इंग्रजीत तिला ‘कॅन्डी केन’ म्हणतात. आपल्या कानाला ‘केन’ म्हटले की ऊस ऐकू येतो. इथे मात्र केन म्हणजे काठी, मेंढपाळाच्या आकड्यासारखी वाकलेली. खरी कॅन्डी केन साखरेची असते, एवढे नाते आपल्याशी आहेच.

१. हात आणि फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. आधी पांढरी माती मळावी, मग लाल. उलट केले तर पांढऱ्यावर लाल डाग पडतात.

२. कणकेसारखी पाच-सात मिनिटे मळावी. घडी घालताना कडेला चिरा पडायच्या थांबल्या की मळणी झाली.

३. दोन्ही रंगांच्या चार मिलिमीटर जाडीच्या, वीतभर लांब वळकट्या कराव्यात. त्या शेजारी ठेवून दोर वळतो तसा पीळ द्यावा आणि फरशीवर हलक्या हाताने लाटून एकजीव कराव्यात.

४. दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून वरचे टोक आकड्यासारखे वाकवावे. टांगायला निराळी कडी लागत नाही.

५. चांदणी किंवा घंटा करायची असल्यास साधारण पाच मिलिमीटर जाड पोळी लाटून आकार कापावा. दोऱ्याचे भोक भाजण्याआधी पाडावे, नंतर पाडताना वस्तू तडकते. तारेची कडी बसवायची तर तिचे टोक आत पिळून घ्यावे, म्हणजे सुटत नाही.

६. गोल चेंडू भरीव करू नये. ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा घट्ट गोळा करून त्यावर मातीचा थर द्यावा. माती वाचते, वजन कमी होते, सुरूची फांदी वाकत नाही आणि आतपर्यंत भाजणीही सारखी होते.

७. साध्या लादीवर मांडून, ओव्हन ठरलेल्या तापमानाला आल्यावर आत ठेवावे. वेळ झाली की बंद करून आतच थंड होऊ द्यावे.

८. खरबरीत राहिले तर पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने, ओले करून घासावे. रंग द्यायचा तो ॲक्रिलिक. चकाकीसाठी पाण्यात मिसळणारे वार्निशच वापरावे. नखांचे पॉलिश लावल्यास काही दिवसांनी वस्तू चिकट होते.

ज्या घरी गव्हाणीचा देखावा मांडतात, तिथे बाळ येशूजवळ बैल आणि मेंढरे लागतातच. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या हातांना हे शिकवावे लागणार नाही. वशिंड कुठे आणि शिंगे कशी वळवायची, हे आपल्या बायापोरांना ठाऊक आहे.

एवढे जपावे

घरातले लाटणे, पोळपाट, सुरी या कामाला लावली तर ती पुन्हा स्वयंपाकात आणू नये. ओव्हनही शक्यतो वेगळा असावा. या वस्तूत खायचे-प्यायचे ठेवू नये. दाखल्यासारखी सांगायची गोष्ट म्हणजे, माती मऊ करणाऱ्या थॅलेट नावाच्या काही तेलांवर मुलांच्या खेळण्यांपुरती युरोपात २००७ पासून आणि अमेरिकेत २००९ पासून बंधने आली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपली माती बदलली. म्हणून नाव-पत्ता नसलेले सुटे, स्वस्त पाकीट घेऊ नये. लहान मुलांनी घडवावे, भाजणी मोठ्यांनी करावी, आणि काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

उरलेली माती पॉलिथीनच्या पिशवीत, सावलीत ठेवावी. थर्मोकोलच्या डब्यात ती तेल सोडून डब्याला चिकटते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात ठेवली तर उन्हाच्या तावानेच घट्ट होऊ लागते.

आणि मोडलेले तुकडे पाचटात टाकून पेटवू नयेत, कंपोस्टच्या खड्ड्यातही टाकू नयेत. ते कुजत नाहीत. पाचट कुजते, प्रेसमड कुजते, हे मात्र नातवंडांच्या नांगरटीलाही वर येईल.

धंदा परवडेल काय?

हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत, भगिनींनी आपापल्या दुकानातला भाव घालून पाहावा. ५७ ग्रॅमच्या एका पाकिटात १४ ग्रॅमच्या चार वस्तू होतात. पाकीट समजा २४० रुपयांना पडले, तर एका वस्तूला मालच ६० रुपयांचा. तार, वार्निश, वीज, पुडी मिळून १० रुपये. मळण्यापासून घासण्यापर्यंत ४० मिनिटे धरली आणि तासाला ६० रुपये मजुरी लावली तर ४० रुपये. झाले ११०. दहात एक वस्तू बिघडणार, ती नऊ वस्तूंवर वाटली की सुमारे १२२ रुपये खर्च बसतो. नफा अजून धरलेलाच नाही. बाजारात यंत्रावर केलेले प्लास्टिकचे चेंडू याहून पुष्कळ स्वस्त मिळतात. त्यांच्याशी भावात टक्कर देणे आपल्याला शक्य नाही.

मग विकायचे काय? यंत्राला जे जमत नाही ते. बाळाच्या पहिल्या नाताळची, नाव आणि साल घातलेली चांदणी, नवीन जोडप्याच्या नावाची घंटा, गव्हाणीतला देशी बैल. पण ऑर्डर आणि थोडी आगाऊ रक्कम हाती आल्याशिवाय माल करू नये. हंगाम एका महिन्याचा, राहिलेला माल पुढच्या डिसेंबरपर्यंत पडून राहतो. नोंद न केलेल्या उसाची तोडणीच्या वेळी काय गत होते, ते आपणास सांगायला नको. इथेही तीच गत. पहिल्या वर्षी ओव्हनसाठी कर्ज काढूच नये. चार-पाच जणींनी मिळून दोन पाकिटे आणावीत, असलेल्या एखाद्या जुन्या ओव्हनवर हात बसवावा, जवळच्यांना विकून पाहावे. पैसे सुटले तर पुढचा विचार.

कमी खर्चाचा मार्ग

शाळेत किंवा घरी नुसता आनंद हवा असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी घट्ट मळून चांदण्या कापाव्यात आणि दोन्ही बाजूंनी उलटवत बरेच दिवस चांगल्या उन्हात वाळवाव्यात. पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि उंदीर लागतात, म्हणून दरसाल नव्या कराव्यात. रानातली माती वापरायची तर निव्वळ काळी घेऊ नये. ओल्यात फुगणे आणि वाळताना आकसून भेगाळणे हा तिचा स्वभाव आपण उन्हाळ्यात रोज पाहतो. कुंभाराकडची चाळून, मिसळून तयार केलेली माती आणावी.

सारांश असा : ही माती वापरायला हरकत नाही, पण ती पी.व्ही.सी. आहे हे विसरून वापरू नये. आच मोजून द्यावी, धूर होऊ देऊ नये, आणि हिशेब मांडल्याशिवाय पैसा घालू नये. नीट भाजलेली चांदणी वर्षानुवर्षे टिकते. नाताळ झाल्यावर ती फेकू नका, कापसात गुंडाळून पेटीत ठेवा म्हणजे पुढल्या वर्षी तीच पुन्हा दारात लागेल.

सर्व सभासद कुटुंबांना नाताळच्या शुभेच्छा. तोडणीस आलेल्या प्लॉटचे पाणी वेळेवर बंद करावे, ही नेहमीची विनंती आहेच.

— ऊस विकास अधिकारी