भरतीचं घड्याळ आणि शरीराचं घड्याळ

उरणजवळच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर लाँच जाते. प्रवास साधारण तासाभराचा. पण बंदरात गाळ साचलेला असल्याने मोठ्या ओहोटीत लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि काही तास वाहतूक थांबते. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंतच्या लोकलचं उद्घाटन झालं. तोवर मुंबईत नोकरी करणाऱ्या मोरेकरांची सकाळ ठरवण्यात घड्याळाइतकाच पंचांगाचाही वाटा होता.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब मोठा देखणा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळची लाँच निर्धास्त. पुनवेला आणि अवसेला भरती बाराच्या आगेमागे, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. तीही उधाणाची, सर्वांत खोल. नेमकी कामावर जायची आणि परतायची वेळ! काटेकोर गणित केलं तर भरती दर तिथीला सरासरी ४८ मिनिटं पुढे सरकते. म्हणजे बरोबर दोन घटका.

समुद्र असा रोज पुढे सरकतो. शरीर काय करतं?

१९७१ मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का या विद्यार्थ्याने, आपले मार्गदर्शक सेमूर बेंझर यांच्यासह, फळमाश्यांचे तीन विलक्षण वाण जगापुढे आणले. एकाचा 'दिवस' १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला दिवसाचं भानच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. वर्तनाचं वेळापत्रक एका जनुकात सापडावं, ही कल्पनाच तेव्हा अनेकांना पटत नव्हती. याच जनुकाचा पुढचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. कोनोप्का २०१५ मध्येच वारले होते. जैविक घड्याळाची गोष्ट सांगताना त्यांचं नाव आधी यायला हवं.

माणसाचं हे घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं असल्याचं हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने १९९९ मध्ये मोजलं. रोजची ही तफावत भरून काढण्याचं मुख्य काम सकाळचा उजेड करतो. डोळ्यांतल्या खास पेशी त्याची वर्दी मेंदूला देतात.

पण ही झाली सरासरी; प्रत्येकाचं घड्याळ थोडं वेगळं चालतं. म्हणूनच 'पहाटे पाचला उठा, करिअर घडेल' हा सरसकट सल्ला विज्ञानाला धरून नाही. कुणाची झोप लवकर उघडते, कुणाची उशिरा. यात जनुकांचा आणि वयाचा मोठा हात असतो. किशोरवयात घड्याळ मुळातच उशिराकडे झुकतं. रात्री बाराला झोपून पाचचा गजर लावणारा माणूस जास्तीचा वेळ कमावत नाही. लक्ष, स्मरणशक्ती आणि निर्णय यांसाठी लागणारी झोप गमावतो. आठवडाभर पाचला आणि रविवारी नऊला उठणं म्हणजे शरीराला दर आठवड्याला परदेशवारी घडवणं. संशोधक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला 'सोशल जेट लॅग' हे नाव दिलं.

भरतीची वेळ कुणाच्या हाती नाही. पण आता गाडीचं वेळापत्रक तिथीनुसार बदलत नाही, तेव्हा उठण्याची वेळ तरी एकच ठेवावी, रविवारीसुद्धा. आणि उठल्यावर अर्धा तास उघड्यावर काढावा. पावसाळी, ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी प्रखर असतो.